नोएलीच्या समोरची खुर्ची

ओलिरियो पोझेबोनला बसता येत नव्हतं. पाठ धड होती, गुडघे धड होते, मूळव्याध वगैरे काही नव्हती. पण जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून समोरच्या माणसाकडे बघत बसायचं म्हटलं की त्याच्या अंगाला खाजकुइली लागल्यासारखं व्हायचं. चर्चमध्येसुद्धा तो मागच्या खांबाला टेकून उभा असायचा. पाद्रीबाबा "बसा" म्हणाले की हा आजूबाजूला बघणार, जसं काही दुसऱ्याच कुणाला सांगितलंय.

मी इल्वा. आदेलारमालकांच्या शुरास्कोच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या, खानावळीत कोशिंबिरींचा ओटा आणि भात, काळा घेवडा, तळलेल्या मक्याच्या वड्या यांच्या पराती माझ्याकडे. ओट्यामागून मला सगळा हॉल दिसतो, आणि दिसतं ते मी बोलून दाखवते, म्हणून तिथं माझ्या वाटेला फारसं कुणी जात नाही. ओलिरियोची बायको नोएली माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांत एकच कुंपण होतं, आणि रोज सकाळी त्या कुंपणावरून माते म्हणतात त्या कडू पानांच्या चहाचा भोपळा इकडून तिकडे जायचा, एकदा भरलेला तिचा, एकदा माझा. मूलबाळ तिला झालं नाही, मला झालेली परगावी गेली. त्यामुळं आम्हाला बोलायला वेळ भरपूर होता, आणि आता सांगते आहे त्यातलं काही ऐकीव नाही.

आमची खानावळ हमरस्त्याला लागून आहे, डोंगर उतरतात तिथं. रविवारी आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांतली माणसं आंघोळी करून, केस चापून येतात. काय हवं ते सांगायची पद्धत नाही. बसायचं, पुढ्यातली चकती हिरवी बाजू वर करून ठेवायची, की सळईवाले एकामागून एक येत राहतात. पोट भरलं की चकती उलटून तांबडी करायची. आधी सॉसेज येतं, मग कोंबडी, कोंबडीची काळजं, डुकराच्या बरगड्या. अशा स्वस्त मालानं लोक अर्धे गार झाले की मालक भट्टीकडे बघून हनुवटी हलवतात, आणि मग पिकान्या सुटते. बैलाच्या पुठ्ठ्यावरचं मऊ मांस, वर बोटभर चरबी, आणि जाड्या मिठाखेरीज त्याला दुसरं काही लावलेलं नाही. त्याच्यासाठीच तर लोक येतात. ती सळई ओलिरियोच्या हातात असायची, आणि मालकांच्या वडिलांच्या काळापासून ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती.

सळईचं टोक टेबलावरच्या ताटलीत टेकवायचं, वरून खाली सुरी चालवायची, गिऱ्हाइकानं छोट्या चिमट्यानं काप धरायचा. बघायला सोपं आहे. ओलिरियोचा काप कधी अर्ध्यात तुटला नाही, की कुणाच्या पांढऱ्या शर्टावर थेंब उडाला नाही. नेहमीचे लोक त्याची वाट बघत आणि त्याला डिवचत.

"आलास का ओलिरियो? आता पट्टा सैल करावा लागणार."

"करा की वकीलसाहेब, पण विजार धरून बसा. बायकामाणसं आहेत."

एवढंच बोलायचा आणि पुढच्या टेबलाला जायचा. आमच्याकडे एक नियम आहे, पाटीवर लिहिलेला नाही पण देवाच्या आज्ञांपेक्षा जास्त पाळला जातो: हॉलमध्ये काढलेली सळई अर्ध्यातून मागं न्यायची नाही. अर्ध्या लोकांना वाढलं आणि अर्ध्यांच्या तोंडासमोरून परत नेलं, तर उरलेल्यांचा तो अपमान. फेरी सुरू केली की शेवटच्या टेबलापर्यंत जायचं, मग भट्टीमागं आग लागली तरी चालेल.

सळईवाले स्वतः जेवतात ते हॉल रिकामा झाल्यावर, भट्टीमागच्या बोळात, उभ्यानं. जे उरलं असेल ते, गार झालेलं, भराभर. ओलिरियो तर ताटली हातातसुद्धा घेत नसे. खिडकीच्या कठड्यावर ठेवून दोन कामांच्या मधे घास उचलायचा. घरी गेल्यावर त्याला मांसाचा वास नको व्हायचा. नोएलीनं केलेलं सूप घ्यायचा, तेही चुलीशी उभा राहून.

"निदान लग्नात तरी बसला होता का गं?" मी तिला एकदा विचारलं.

"कुठला! लग्नाचं मांस यानंच भाजलं. म्हणाला, दुसऱ्याच्या हातात देऊन वाया घालवू? फोटोत बघ, मी एकटी बसलेय आणि मागं धुरात एक टोपी दिसतेय. ती टोपी म्हणजे माझा नवरा."

आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. नोएली हसायची तेव्हा तोंडावर हात धरून नाही, मोकळी हसायची, कोंबड्या पळायच्या.

दर रविवारी तो तिच्यासाठी चांदीच्या कागदात पिकान्याची टोकं घेऊन यायचा. ती सोमवारी गरम करून खायची. सोमवारी गरम केलेली पिकान्या म्हणजे वहाणेचा अंगठा, पण ती म्हणायची, "छान लागते." तिनं ती तशीच खाल्लेली, दुसरी कशी लागते ते तिला ठाऊक नव्हतं. खानावळीत येऊन बसायला तिला कुणी मना केलं नव्हतं. पण एकटी यायला ती तयार नव्हती. "मी एकटी बसू आणि तो मला वाढून पुढच्या टेबलाला जाणार? मग मी त्याची बायको कसली, गिऱ्हाईक!" सोमवारी सुट्टी, तर सोमवारी सगळ्याच खानावळी बंद. आणि एखादी उघडी सापडली तरी ओलिरियो दुसऱ्याच्या सळईचं खाणार नव्हता. गर्व होता त्याला, का नसावा?

म्हणून नोएलीची सगळी भिस्त निरोपाच्या टेबलावर होती. आमच्या मालकांच्या घराण्याची ही रीत आहे. कामावर असताना कुणी नोकर हॉलमध्ये बसत नाही. पण ज्या रविवारी सळईवाला काम सोडून कंबरेची सुरी उतरवतो, त्या रविवारी खिडकीजवळचं टेबल त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं. प्रत्येक सळई आधी त्या टेबलाला येते, मालक स्वतः द्राक्षाची दारू ओततात, आणि जो जन्मभर वाढत आला तो एकदा पोटभर वाढून घेतो.

"मला दुसरं काही नको," नोएली म्हणायची. "तो समोर बसलाय, गरम गरम खातोय, आणि मी त्याच्याकडे बघतेय. जन्मात एवढं एकदा बघायचंय. माणूस जेवताना कसा दिसतो ते बायकोला माहीत नको?"

निवृत्तीचं वय झालं. ओलिरियो म्हणाला, ईस्टर होऊ दे, गर्दी असते. ईस्टर झाला. म्हणाला, एदिवान अजून तयार नाही, उभा काप घेताना हात थरथरतो त्याचा. हा एदिवान बरगड्यांची सळई फिरवायचा, चाळिशी उलटलेला बाप्या. त्याचा हात थरथरत नव्हता, ओलिरियोचं मन थरथरत होतं. मग नाताळ. मग पुन्हा ईस्टर. नोएलीनं तेवढ्यात गावातल्या दंतवैद्याकडून नवी कवळी करून घेतली, खास त्या जेवणासाठी. कुंपणावरून मला दात दाखवत म्हणाली, "पिकान्या काय, आता सळईसुद्धा खाईन!"

त्या कवळीनं तिनं फार काही खाल्लं नाही. आधी पाव अडकायला लागला. मग भात. ती म्हणायची, कवळी नवीन आहे ना, चावायला जमत नाही. मी म्हटलं, बये, अडकतंय ते घशात, दातांत नव्हे, डॉक्टरकडे चल. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा अन्ननलिकेत गाठ निघाली, आणि ती काढण्यासारखी राहिली नव्हती. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही. पातळ पेज, दूध, दुखलं की औषधाचे थेंब. जेवढे दिवस जातील तेवढे.

ओलिरियो दवाखान्यातून घरी न जाता सरळ खानावळीत आला. हॉल रिकामा होता, मी परात घासत होते. मालक गल्ल्यापाशी बसलेले. हा त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहिला.

"मालक, या रविवारी मी सुरी उतरवतो. खिडकीचं टेबल पाहिजे. दोघांचं."

मालकांना माहीत होतं. गावात अशी बातमी चालत नाही, धावते. ते म्हणाले, "अरे पण ओलिरियो, तिला आता खाता..."

"या रविवारी," ओलिरियो म्हणाला.

मला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी रडूही आलं, दोन्ही एकदमच. इतकी वर्षं ती मागत होती तेव्हा हा एदिवानचे हात तपासत होता.

त्या रविवारी डोंगरात धुकं दाटलेलं, जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, हाडं गोठवणारी थंडी. असल्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. नोएलीला तिची बहीण झेलिंदा गाडीतून घेऊन आली. झेलिंदा टेबलाला बसली नाही. "त्यांचं दोघांचं आहे," म्हणाली आणि माझ्या ओट्यामागं येऊन उभी राहिली. नोएली सुकून एवढीशी झाली होती, पण ओठांना लाली लावून आली होती आणि ती कवळीही घातली होती, सैल झालेली. ओलिरियोनं खुर्ची ओढून तिला बसवलं. मग स्वतःची खुर्ची ओढली. बसला. हात मांडीवर ठेवले, मग टेबलावर ठेवले, मग पुन्हा मांडीवर. मालकांनी ग्लास भरले. नोएलीनं चकती उचलून हिरवी बाजू वर केली आणि त्याच्याकडे बघून हसली.

मग सळया निघाल्या. सॉसेजवाला आला, वाकून म्हणाला, "डोना नोएली, वाढू?" तिनं "वाढा" म्हटलं. कोंबडीवाला आला, "वाढा." काळजं, बरगड्या, कोकरू. ती कुणालाच नाही म्हणेना. गिळता येत नाही हे हॉलमधल्या पोराटोरांनाही माहीत होतं, तरी प्रत्येक सळईला ती चिमटा पुढं करायची, दोन्ही हातांनी धरून, आणि काप आपल्या ताटलीत ठेवायची. ताटली भरत चालली. शेजारच्या टेबलांवरचे लोक बघत नसल्यासारखं करून बघत होते. मला त्या दिवशी आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा राग आला होता, बिचाऱ्यांनी काही केलं नव्हतं तरी.

"खा ना," नोएली त्याला म्हणाली. "तू खा, मी बघते."

ओलिरियोनं सॉसेजचा एक तुकडा तोंडात घातला. चघळत राहिला, चघळत राहिला. त्याला तो गिळवेना. तेवढ्यात भट्टीकडून पिकान्या सुटली आणि एदिवान सळई घेऊन बाहेर आला. ओलिरियो ताडकन उठला.

"जादाचं मीठ झाडलेलं दिसत नाही त्यानं," म्हणाला. "एवढं बघून येतो."

मी बोळाच्या तोंडाशी त्याला गाठलं. त्यानं खुंटीवरचा अंगरखा आधीच चढवला होता आणि एदिवानच्या हातातून सळई घेतली होती. एदिवान माझ्याकडे बघून खांदे उडवत होता.

"अरे बैला," मी म्हटलं, "बस जा तिच्यासमोर! मीठ झाडायला आलास?"

"इल्वा, मला बसवत नाही गं."

"तिला तरी बसवतंय का? तरी बसलीय ना ती?"

"हातांचं काय करू तेच कळत नाही मला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ती एकेक काप घेऊन ठेवतेय आणि मी समोर हात बांधून... फक्त एक फेरी. ही एक फेरी मारतो, जरा श्वास येईल, मग बसतो. तिला सांग, आलोच."

आणि गेला. सळई हातात आल्याबरोबर त्याचा चेहरा निवळला, हे मी शपथेवर सांगते. खांदे खाली आले, चाल सुटी झाली. लोकांनी त्याला बघून टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "अरे, आज तर तू पाहुणा ना?" तो हसला आणि काप कापत पुढं गेला.

मी नोएलीकडे गेले. मला वाटलं ती रडत असेल. ती खिडकीला टेकून त्याच्याकडे बघत होती.

"त्याला बोललीस ना तू?" मला म्हणाली. "बोलू नकोस. येतोय तो."

फिरत फिरत तो खिडकीच्या टेबलाशी आला. इतकी वर्षं ज्या वाटेनं फिरला त्या वाटेवर ते टेबल मधेच कुठंतरी येतं. नोएली ताठ बसली. चिमटा उचलला आणि आवाज चढवून म्हणाली, "काय हो वाढपी, आमच्याकडे लवकर येत नाही तुम्ही. गरिबाचं टेबल आहे म्हणून?"

ओलिरियोला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. "माफी असावी बाईसाहेब. कसा देऊ?"

"पातळ द्या. आणि चरबी काढू नका."

त्यानं सळई टेकवली आणि काप काढला. इतका पातळ काप मी त्याच्या हातून पाहिला नव्हता. कडेची चरबी लवलवत होती, रस ठिबकत होता. नोएलीनं तो ताटलीत ठेवला नाही. तोंडात घातला. आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. ती हळूहळू चावत राहिली, डोळे मिटून, रस जिरवत. गिळला नाही. बऱ्याच वेळानं रुमालात काढून घडी घातली.

"कसा आहे?" ओलिरियोनं विचारलं. इतका घाबरून त्यानं कुठल्या गिऱ्हाइकाला विचारलं नसेल.

"गरम आहे," ती म्हणाली. "गरम असताना असं लागतं होय? आणि तू मला सोमवारचं खाऊ घालत होतास, मेल्या?"

मग तिनं समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस आता."

त्यानं सळईकडे बघितलं. अर्धी संपली होती. पलीकडं भिंतीपर्यंतची टेबलं बाकी होती, लोक माना वळवून वाट बघत होते, हिरव्या चकत्या मांडून. मी म्हटलं, दे ती सळई माझ्याकडे, मी देते एदिवानला. त्याला ते ऐकूच आलं नसावं. फेरी अर्धी सोडायची म्हणजे काय हे त्याच्या अंगालाच माहीत नव्हतं.

"एवढी संपवतो आणि बसतो," तो म्हणाला. "बसतोच. हात धुऊन येतो, मग उठणार नाही."

"जा," नोएली म्हणाली. "लोक खोळंबलेत."

तो गेला तसा तिचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्या रसानंच असेल, किंवा त्या धुराच्या वासानं. तिनं टेबलाची कड धरली. मी आणि झेलिंदानं तिला दोन्हीकडून सावरलं. मी म्हटलं, त्याला हाक मारते. तिनं माझं मनगट पकडलं, त्या वाळक्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "नको. लोकांसमोर नको. फेरी पुरी करू दे त्याला. बाहेर गाडीत बसते मी, येईल तिथं." तिला सगळ्यांच्या समोर ओकारी काढायची नव्हती, लाली लावून आली होती ना. आम्ही तिला बाजूच्या दारानं बाहेर नेलं, मागच्या आसनावर बसवलं, घोंगडी पांघरली. झेलिंदानं थेंब दिले. त्या थेंबांनी दुखणं थांबतं आणि माणूस झोपतो.

मी आत आले तेव्हा ओलिरियो बोळातून बाहेर येत होता. अंगरखा काढून ठेवलेला, हात कोपरापर्यंत धुतलेले, केस ओले करून मागं बसवलेले. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर येतं तसा. बसायला निघाला होता तो, खरोखर निघाला होता. खिडकीच्या टेबलाशी आला तर तिथं दोन्ही खुर्च्या रिकाम्या. एका बाजूला भरलेली ताटली, घडी घातलेला रुमाल, आणि चकती हिरवीच.

"गाडीत आहे," मी म्हटलं. "बरं वाटत नव्हतं तिला."

त्यानं तिची ताटली उचलली, जशीच्या तशी, सगळ्या कापांसकट, आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेले. धुक्यात गाड्या नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. त्यानं मागचं दार हळूच उघडलं. नोएली काचेला डोकं टेकून झोपली होती, तोंड जरासं उघडं.

"उठवू?" झेलिंदा म्हणाली.

"नको, नको."

तो तिच्याशेजारी आत बसला. अंग वळवून, गुडघे तिच्याकडे करून, समोरासमोर होता येईल तेवढं होऊन. ताटली मांडीवर घेतली आणि खायला लागला. सॉसेज, कोंबडी, काळजं, बरगडी, एकेक काप, हातानं. सगळं गार झालेलं, चरबी पांढरी थिजलेली. घाई केली नाही. जन्मात पहिल्यांदा तो माणूस सावकाश जेवला. आसवं दाढीवरून ताटलीत पडत होती आणि तो चावत होता, गिळत होता, आणि नजर तिच्या तोंडावरून हलवत नव्हता. हात आंधळ्यासारखा ताटलीत तुकडा चाचपायचा. तिनं डोळे उघडले तर आपण खाताना दिसावं म्हणून. मी शाल घट्ट धरून गाडीबाहेर उभी होते आणि मनात म्हणत होते, उघड गं बाई, एकदा उघड, मरायच्या आधी एवढं कर.

ताटली रिकामी झाली तेव्हा झेलिंदानं गाडी सुरू केली, थंडी बाधेल म्हणून. ओलिरियोनं रिकामी ताटली खिडकीतून माझ्या हातात दिली आणि ते गेले.

त्यानंतर घरात मांसाचा वास नोएलीला सोसत नव्हता. पेजसुद्धा जाईना. ऑगस्टात, कडाक्याचं हिव पडलं त्या आठवड्यात ती गेली. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या दफनभूमीत नेली. सगळी खानावळ आली होती, एदिवान लहान मुलासारखा रडला. ओलिरियो रडला नाही. लोक येऊन हात हातात घेत होते आणि तो प्रत्येकाला "जेवून जा" म्हणत होता.

थोड्या दिवसांनी एका शनिवारी तो मागच्या दारानं आत आला आणि सुऱ्या घासायला बसला, म्हणजे उभा राहिला. एक सळईवाला कुजबुजला, याचं निरोपाचं टेबल होऊन गेलंय, रीत मोडते. मालकांनी ते ऐकलं. "त्याचं जेवण झालंच कुठं अजून?" मालक म्हणाले, आणि पिकान्याची सळई ओलिरियोला परत मिळाली. तो आधीसारखाच फिरायला लागला. काप तसाच पडायचा. वकीलसाहेबांच्या पट्ट्याच्या थट्टेला मात्र उत्तर द्यायचा नाही.

मग एका रविवारी, पिकान्या सुटायच्या आधी, तो माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. मी टोमॅटो चिरत होते. मी म्हटलं, काय रे, भूत बघितलंस का?

"इल्वा, त्या दिवशी तू गाडीजवळ होतीस ना?"

"होते."

"मी खात होतो तेव्हा मधे मधे ताटलीत बघत होतो. तुकडा कापायला, हे ते... तेवढ्यात कधी तिनं डोळे उघडले होते का गं?"

त्यानं ताटलीत एकदाही बघितलं नव्हतं. मी साक्षीला आहे आणि तो स्वतः साक्षीला आहे. तिनं डोळे उघडले असते तर सगळ्यांत आधी त्यालाच दिसले असते. हे त्याला माहीत होतं, मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं, आणि तरी तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"हो," मी म्हटलं. "एकदा उघडले होते."

"मी बसलेलो दिसलो असेन तिला?"

"दिसलास की. चांगला बसून, सावकाश खात होतास."

त्यानं मान हलवली. भट्टीकडून एदिवाननं हाक मारली, पिकान्या झाली होती. त्यानं अंगरख्याला हात पुसले, सळई घेतली आणि पहिल्या टेबलाकडे गेला.